घाडीगावकरांच्या उचकीची चौकशी

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, मुलुंड पूर्वेच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत, बी विंगच्या पाचव्या मजल्यावर राहणारे श्री. दत्ताराम घाडीगावकर, वय बहात्तर, यांना पहिली उचकी लागली. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण पुढे तिची रीतसर नोंद झाली. मी समोरच्या दारात पेपर वाचत बसलो होतो, म्हणून साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव आहे : अनंत.

दत्तारामच्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि घरोघरी होते ती तपासणी सुरू केली.

"कोणतरी आठवण काढतासा दिसता. गावची आक्का?"

हिक्.

"कणकवलीचे भावजी?"

हिक्.

"माझो भाव?"

"तो कित्याक काढतलो माझी..." हिक्. "...आठवण?"

ज्याचं नाव घेतल्यावर उचकी थांबेल, तोच आठवण काढत होता असं समजायचं. या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही आणि रिपोर्ट जागच्या जागी मिळतो, म्हणून ती आमच्याकडे फार लोकप्रिय आहे.

संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली. मध्ये तासभर उचकी थांबली, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा लागली. एरवी कोणी लक्ष दिलं नसतं, पण रविवारी दत्तारामच्या नातीचा, अक्षताचा, साखरपुडा होता. घाडीगावकरांच्या घरात शुभकार्य म्हटलं की आधी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने घालायचं. सगळ्यांना सुखी ठेव, काही चुकलं असेल तर सांभाळून घे, असं खणखणीत आवाजात देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये अडखळलं तर परत पहिल्यापासून. दत्तारामने हे गाऱ्हाणं पोराच्या लग्नात घातलं, इमारतीच्या पायाभरणीला घातलं. अक्षताने तर मालाडला होणाऱ्या सासरी आधीच कळवलं होतं, "आजोबांचं गाऱ्हाणं झाल्याशिवाय मी अंगठी घालून घेणार नाही."

आता आजोबांना 'बा देवा' एवढं म्हणेपर्यंत दोन उचक्या लागत होत्या.

"आजोबा, डॉक्टरकडे चला ना यार," अक्षता म्हणाली.

ती बरोबर बोलत होती. पण तेवढ्यात पाच मजले चढून, धापा टाकत, आमचे सचिव विद्याधर सप्रे आले. लिफ्ट वीस दिवस बंद होती. सप्रेसाहेब अकरा वर्षांपूर्वी एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. खातं मात्र त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. संस्थेची 'आरोग्य जाणीव उपसमिती' त्यांनी मागच्याच महिन्यात स्थापन केली होती आणि तिला अजून एकही आजार मिळाला नव्हता.

"डॉक्टरकडे जायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण कारण निश्चित न करता जाणं म्हणजे अर्ज न भरता खिडकीसमोर उभं राहणं. आधी प्रकरण तयार होऊ दे."

बुधवारी प्रकरण तयार झालं. तीन प्रतींत छापलेला नमुना आला. लक्षण : उचकी. कारण : आठवण. उपचार : नाव. त्याखाली आठवण काढणाऱ्याचा पत्ता, रुग्णाशी नातं आणि 'आठवण काढण्याचे प्रयोजन' असे रकाने. दत्तारामने ज्या ज्या माणसाला आयुष्यात ओळखलं त्या सगळ्यांची यादी करायची होती : गट अ, गाव, गट ब, गिरणी, गट क, संस्थेचे सभासद. एकशे सत्तावीस नावं भरली. मेलेला माणूस आठवण काढू शकतो का, यावर समितीची चाळीस मिनिटं चर्चा झाली. काढू शकतो, मात्र सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी, असं ठरलं.

गुरुवारी संस्थेच्या ऑफिसात वाचन सुरू झालं. सप्रेसाहेब नाव वाचायचे, दत्ताराम उचकी द्यायचा, आणि मार्तंड खोपकर घड्याळ बघून नोंद करायचे. खोपकर ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात स्टोअर सांभाळत, म्हणून उपसमितीत विज्ञानाची बाजू त्यांच्याकडे होती.

गट अ निकामी गेला. गट ब निकामी गेला. गट क मध्ये सप्रेसाहेबांनी आपल्या संथ आवाजात वाचलं, "बी दोनशे दोन, सौ. उत्तरा विद्याधर सप्रे."

उचकी थांबली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. खोपकरांनी घड्याळावरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शेवंतीवहिनी उत्तराताईंकडे बघायला लागल्या, उत्तराताई छताकडे.

"माझ्याकडे काय बघताय?" उत्तराताई शेवटी म्हणाल्या. "सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही ते मला आठवत नाही. या घाडीगावकरांची आठवण मी कशाला काढू?"

तिसऱ्या मिनिटाला उचकी परत लागली. ऑफिसात इतका मोठा सुस्कारा कधीच ऐकू आला नव्हता, आणि त्यातला निम्मा सप्रेसाहेबांचा होता. लगेच ठराव झाला : पाच मिनिटांपेक्षा कमी विश्रांती ही बरे होणे समजण्यात येणार नाही. ठराव मागील तारखेपासून लागू.

मी तेव्हा एक शंका काढली. "साहेब, आठवणीने उचकी लागते, तर लिफ्टवाल्याला एव्हाना लागायला हवी. बावीस दिवस अख्खी बिल्डिंग त्याची आठवण काढतेय."

मुद्दा समितीला पटला. सप्रेसाहेबांनी स्पीकरवर फोन लावला. लिफ्टवाला चंद्रप्रकाश एकदम ताज्या आवाजात म्हणाला, "हां साहब, याद है, याद है! पार्ट आया की आता मैं."

एकही उचकी नाही. मला वाटलं, आता प्रकरण बंद होईल.

"रेंजमध्ये नसेल," खोपकर म्हणाले, आणि तशी नोंद झाली.

खरी वाट लागली ती शुक्रवारी सकाळी. यादी संपली होती. आता पर्यायी उपचार, म्हणजे दचकवणं. चांगला धक्का बसला की उचकी पळते, हे सर्वांना मान्य होतं. वाद फक्त धक्क्याच्या दर्जावर होता. मागून भॉक केल्याने दत्ताराम दचकला नाही. तीस वर्षं कापड गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढलेल्या माणसाला भॉक काय ऐकू येणार? तेव्हा खोपकरांनी विज्ञानाच्या बाजूने निर्णय घेतला. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ते ओरडले, "घाडीगावकर, साखरपुडा मोडला! मालाडहून आत्ताच फोन आला!"

दत्तारामची उचकी चालूच राहिली. शेवंतीवहिनी मात्र मटकन पायरीवर बसल्या. चौथ्या मजल्यावर ते ऐकू गेलं, तिसऱ्यावर त्याला कारण जोडलं गेलं, तळमजल्यावर पोचेपर्यंत मुलाचं बाहेर काहीतरी निघालं होतं. लिफ्ट बंद असली तरी बातमीची सोय आमच्याकडे उत्तम आहे. अकरा वाजता नवऱ्यामुलाच्या, सुबोधच्या, वडिलांचा मालाडहून खरोखरच फोन आला.

"काय हो, तुम्ही मोडलंत म्हणे? आणि ही उचकीची काय भानगड? घराण्यात आहे का? नाही, पुढे मुलाबाळांचा प्रश्न येतो म्हणून विचारतो."

अक्षताने फोन घेतला, सुबोधला बोलावलं आणि दोन मिनिटं त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पण वडील ऐकेनात, त्यांना कागद हवा होता. सप्रेसाहेबांना कागद म्हटल्यावर हुरूप आला. दहा मिनिटांत शिक्क्यासह दाखला तयार : 'सदर उचकी आनुवंशिक नसून ती प्रक्रियाधीन आहे.'

दाखला वाचून मालाडचे लोक आणखी घाबरले. रविवारी येतो की नाही ते शनिवारी रात्री कळवतो म्हणाले.

दत्ताराम पायरीवर वहिनींच्या शेजारी बसला. "अनंता," तो मला म्हणाला, "पोरीचा माझ्यामुळे..." हिक्.

अक्षताने त्याचा दंड धरला. "उठा. समिती गेली खड्ड्यात."

गल्लीच्या टोकाला डॉक्टर श्वेताचा दवाखाना आहे. मीही सोबत गेलो. तिने पोट तपासलं, घसा बघितला, चालू गोळ्यांची पाकिटं एकेक वाचली. दोन दिवसांच्या वर उचकी राहिली तर थेट यायचं असतं, अंगावर काढायचं नसतं, म्हणून रागावली. मग तिने एक प्रश्न विचारला. तो आमच्या तीन प्रतींतल्या नमुन्यात कुठेच नव्हता.

"आजोबा, जेवायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"चार मिंटा."

"चार? किती खाता?"

"तीन भाकऱ्यो. भात येगळो."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी हसलो नाही. गिरणीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, पण डब्याला रांग, नळाला रांग, आणि साचे कोणीतरी बघायला हवेत. दत्ताराम आणि मी साच्यावरचे जोडीदार. तो चार मिनिटांत जेवायचा, म्हणजे मला सात मिळायची. गिरणी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. भोंगा तिथे थांबला, पण दत्तारामच्या घशात अजून रोज दुपारी एकला वाजत होता.

"घास चावत नाही, गिळता. सोबत हवा जाते, पोट फुगतं, वर ॲसिडिटी," डॉक्टर म्हणाली. "ही गोळी घ्या, आणि वीस मिनिटं जेवा. सोमवारपर्यंत थांबली नाही तर पुढच्या तपासण्या करू."

"बस?" दत्तारामला अपमान झाल्यासारखं वाटलं. तीन दिवसांच्या उचकीला एवढंच?

गोळी सोपी होती. वीस मिनिटं अवघड. दुपारी त्याने मनापासून प्रयत्न केला आणि सहा मिनिटांत ताट साफ. हात आपोआप चालत होता. शेवंतीवहिनींनी क्षणभर विचार केला, आणि समितीची ती एकशे सत्तावीस नावांची यादी आणून अक्षताच्या हातात दिली.

"वाच गो. एका घासाक एक नाव. तुमी त्याची आठवण सांगायची, सांगून झाल्याशिवाय दुसरो घास नाय."

रात्रीच्या जेवणाला अक्षताने गटांचा क्रम सोडून पहिलं नाव वाचलं. दत्तारामने घास चावत चावत सांगितलं, की हा बारक्या शाळेत त्याची पाटी चाटून पुसायचा. दुसऱ्या नावाला गिरणीतला मुकादम निघाला, जो नाटकात बायकांची कामं करायचा आणि मिशी काढायला नकार द्यायचा. अक्षताला हसून ठसका लागला. सातव्या नावाला मला बोलावलं, कारण ते माझंच होतं. बेचाळीस मिनिटं जेवण चाललं. भाकऱ्या दोनच गेल्या.

त्या रात्री दोन उचक्या. शनिवारी सकाळी एक. दुपारी अर्धी यादी झाली आणि उचकी गेली ती गेली. संध्याकाळी दत्तारामने स्वतः मालाडला फोन करून न अडखळता पाच मिनिटं व्याह्यांशी गप्पा मारल्या. असा आवाज ऐकून ते म्हणाले, "येतो हो, येतो. दाखल्याचं एवढं मनावर घेऊ नका."

रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये दत्तारामने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही दोन घरां एक होतत..." एका दमात, शेवटपर्यंत. आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' ओरडलो, मालाडवाले दुसऱ्या वाक्यापासून शिकले. अक्षताने डोळे पुसून बोट पुढे केलं.

मग बुफे उघडला. सप्रेसाहेब एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन घेऊन खांबाला टेकून उभे होते. जेवता जेवता ते संस्थेच्या ग्रुपवर अहवाल पाठवत होते : 'उपसमितीच्या नावे-वाचन पद्धतीने रुग्ण पूर्ण बरा.' खोटं म्हणता येत नव्हतं. अंगठा चालत होता, तोंड चालत होतं, जिलबी गेली, पुरी गेली, मसालेभात गेला. 'पाठवा' दाबलं आणि...

हिक्.

मग चारी बाजूंनी लोक धावून आले. "सचिवसाहेबांची कोणीतरी आठवण काढतंय! उत्तराताई?"

"मी समोर उभी आहे," उत्तराताई म्हणाल्या. "माणसं समोर असताना आठवण काढायची वेळ नाही आली अजून."

दत्ताराम पुढे झाला. "सायेब, किती मिंटात जेवलात?"

"वेळ कुठाय..." हिक्. "...घाडीगावकर?"

सप्रेसाहेबांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी त्यांना हॉलमधून फक्त दुसऱ्या मजल्यावर घरी जायचं होतं, तेही लिफ्ट सुरू झाली की, म्हणजे घाई कसलीच नव्हती.

दत्तारामचा भोंगा निदान सापडला, आणि त्याची गिरणी तरी खरी होती. आता तुम्ही हे वाचताना जेवत असाल, तर जरा थांबा आणि खाली बघू नका. ताटात भाजी कोणती होती, ते सांगा. आठवत नसेल तर उपसमितीकडे कोरे नमुने शिल्लक आहेत. तीन प्रतींत भरा. कारणाच्या रकान्यात कोणाचं तरी नाव लिहिलं की झालं.