अणुऊर्जा पाहिजेच, पण...

"कुठलाबी प्रश्न टाक गड्या, शिवतेज अडखळणार न्हाई!"

कराडजवळच्या आपल्या गावात हे वाक्य शिवतेज रोज कुणाला तरी ऐकवायचा. त्याला जिल्हा परिषदेची उमेदवारी हवी होती, आणि ती द्यायची का नाही हे साखर कारखान्याचे चेअरमन जोतिबानाना ठरवणार होते. पक्षात नाना खोकले तरी लोक टाळ्या वाजवायचे!

नेमका तेव्हाच दिल्लीत अणुऊर्जेवर वाद पेटला. मग काय, चॅनलवाले गावोगावच्या इच्छुकांना धरून भूमिका विचारत सुटले. बाकीचे इच्छुक बेरकी! कुणी म्हणालं, "वरिष्ठ ठरवतील." कुणी सरळ गटाराच्या कामावर घसरलं. शिवतेजला मात्र खरंच कुतूहल वाटलं. एवढासा अणू फुटतो कसा? त्यावर पाणी उकळतं कसं? मोबाइलवर वाचता वाचता ताटातली भाकरी वाळून पापड झाली.

"आगं संयोगिता, कोळसा न्हाई, धूर न्हाई, आन् रातंदीस वीज!"

बायको म्हणाली, "व्हय? मग राख कुठं टाकत्यात?"

शिवतेज पुन्हा वाचायला बसला. वाचता वाचता त्याचे डोळे मोठे होत गेले.

दुसऱ्या दिवशी कराडचा बिराप्पा आणि सांगलीचा आर्जव, दोन चॅनलचे दोन वार्ताहर, एकदमच अंगणात उतरले. शिवतेजनं घसा खाकरला आणि एका दमात सांगितलं, "अणुऊर्जा पाहिजेच, धुराशिवाय वीज मिळते! पण तिचा कचरा पिढ्यान् पिढ्या सांभाळावा लागतो. तो कुठं ठेवणार हे ठरल्याशिवाय अणुऊर्जा नको!"

त्या वाक्याचं उसाच्या कांडासारखं झालं. बिराप्पानं बुडखा नेला, आर्जवनं शेंडा!

दुपारी एका चॅनलवर आलं, 'अणुऊर्जा पाहिजेच! शिवतेज गरजले!' दुसऱ्यावर, 'अणुऊर्जा नको! शिवतेज कडाडले!' आणि जो मुलाखतीला आलाच नव्हता त्या तिसऱ्या चॅनलनं सांगून टाकलं, 'शिवतेज यांचा तासाभरात यू-टर्न!'

शिवतेजनं घाईघाईनं अख्खा व्हिडिओ स्वतः टाकला. तो एकट्या संयोगितानं पाहिला. तोही निम्मा!

चार वाजता पूर्वेकडून इंजिनियर झालेली पोरं हार घेऊन आली. "दादा, प्रकल्प कवा सुरू हुतोय? भरती कवा?" पश्चिमेकडून मेढ्याची माणसं जीप भरून आली. ऐनवेळी काळे झेंडे मिळाले नव्हते, म्हणून त्यांनी कडक उन्हात काळ्या छत्र्या उघडल्या होत्या. "आमच्या डोंगरात कचरा पुरतूस व्हय रं?"

"आवं, कोण पुरतंय?"

"चॅनलवर दावलं की!"

"मी फकस्त इचारलं, ठेवणार कुठं म्हणून!"

"म्हंजी जागा बगतोयस!"

गळ्यात हार, डोक्यावर छत्र्या, पुढं बिराप्पा-आर्जवचे कॅमेरे. सगळे एका सुरात ओरडू लागले, "व्हय का न्हाई? एका शब्दात सांग!"

तेवढ्यात फोन वाजला. जोतिबानाना! घाईघाईत शिवतेजचं बोट नको तिथं पडलं आणि फोन स्पीकरवर गेला.

"शिवतेज, तू व्हय म्हणालास का न्हाई म्हणालास?"

"नाना... दोन्ही."

दोन्ही कॅमेरे फोनकडे वळले.

"शाब्बास! पक्षाचीबी हीच भूमिका हाय! उमेदवारी तुझी!"

हारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. छत्रीवाल्यांनीही वाजवल्या, का ते त्यांनाही कळलं नाही. शिवतेजच्या डोळ्यांत पाणी आलं.

नानांनी आवाज खाली आणला. "आन् तू अभ्यास केलायस म्हणून इचारतो. कुणाला बोलू नगंस. ह्ये युरेनियमचं गाळप कुठल्या म्हयन्यात सुरू हुतं रं?"

शिवतेजनं फोनवर झडप घातली, पण उशीर झाला होता. त्या संध्याकाळी जिल्ह्यातल्या सगळ्या चॅनलांचं पहिल्यांदा एकमत झालं, 'नाना युरेनियम गाळणार!'

दुसऱ्या दिवशी उमेदवारी दुसऱ्याला गेली. वार्ताहरांनी कारण विचारलं, तेव्हा नाना खेदानं मान हलवत म्हणाले, "पोरगा तसा गुणी हाय. पर लय वाचतो!"