पाटी जराशी सरकवली

कॉम्प्युटरवर सरळ रेघ ओढण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, म्हणून हॉटेलात त्याचं नाव पडलं रेघबहाद्दर. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याचा इंग्रजी नकाशा मॅनेजरबाईंनी त्याच्यापुढे ठेवला आणि तो पाहुण्यांसाठी आणि कामगारांसाठी मराठी, तमिळ अशा आपल्या भाषांत करायला सांगितला, तेव्हा गडी म्हणाला, "हात्तिच्या! जुनी अक्षरं काढायची, नवी घालायची. चहा निवायच्या आत देतो!"

"जमलं तर नोकरी पक्की," बाई म्हणाल्या. "पण अक्षर बारीक केलंत तर याद राखा! म्हाताऱ्या पाहुण्यांना वाचता आलं पाहिजे."

नोकरी पक्की! बायकोने ऐकताक्षणी माहेरी फोन लावला.

भाषांतरं चोख आली. घोडं अडलं ते जागेवर. मूळ नकाशात बाण संपतो तिथे, दाराशी, बोटाएवढी चौकोनी पाटी आणि तीत 'एक्झिट'. तिथे आता बसवायचं होतं 'आपत्कालीन बाहेर पडण्याचा मार्ग'! धाकट्याच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबावं तसं ते चारी बाजूंनी बाहेर यायला लागलं. अक्षर बारीक करायची सोय नाही. मग बहाद्दराने डोकं चालवलं. पाटी बाणासकट उचलली आणि मोकळी जागा दिसली तिकडे जराशी सरकवली. मराठी पाटी धुण्याच्या खोलीवर झकास बसली. तमिळ पाटी सगळ्यात लांब, पण नकाशात एक ऐसपैस निळा चौकोन होता. त्यावर ती अशी काही शोभली, की गडी स्वतःवरच खूश!

नकाशे भिंतींवर लागले आणि अग्निशमन दलाचे तपासनीस सराव बघायला आले. भोंगा वाजला. बाई, तपासनीस आणि बहाद्दर फाटकाशी उभे. बाहेर चिटपाखरूही येईना.

"माणसं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"येतील की! नकाशा आहे ना!"

तेवढ्यात मुख्य आचाऱ्यांचा फोन आला. "बाई, मार्ग संपला! आम्ही सगळे चादरींच्या ढिगात उभे आहोत. माझ्या पायावर कोण उभंय ते कळत नाही. आता पुढे कुठे?"

बाईंनी बहाद्दराकडे पाहिलं.

"जराशी सरकवली होती," तो पुटपुटला.

"काय?"

"पाटी."

"आणि तमिळ नकाशावाली मंडळी?"

इमारतीमागून उत्तर आलं. धप्प! मग आणखी एक धप्प! तिघेही धावले. पोहण्याच्या तलावात स्वागतकक्षातल्या ताई गळ्यापर्यंत पाण्यात, नकाशा डोक्यावर धरून उभ्या होत्या. मागे सहा वेटर.

"सर, बाण इथेच संपतो," ताई अदबीने म्हणाल्या. "किती वेळ थांबायचं?"

तपासनीसांनी ताईंच्या हातातला नकाशा घेऊन निरखला. "अक्षर मात्र ठसठशीत आहे हं!"

बहाद्दराला जरा धीर आला. "तेच म्हणतो मी! आणि बाई, खरंच आग लागली, तर यांच्या केसाला तरी धक्का लागेल का?"

बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

संध्याकाळी बायको दारातच उभी. "आई फोनवर थांबलीय! झाली का नोकरी पक्की?"

बहाद्दराने चपला काढल्या, त्या नीट एका रेघेत लावल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "जराशी सरकलीय."