पाणी काय म्हणतंय?

मासा पकडून पुन्हा सोडून देणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण सोडताना त्याला "या हं पुन्हा!" असं आग्रहानं सांगणारा माणूस मी एकच पाहिलाय. आमचे दातारकाका. गुडघाभर पाण्यात उभे राहून, मासा ओंजळीत धरून, पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसे ते त्याला प्रवाहापर्यंत पोचवतात. बिचाऱ्याचा जबडा आत्ता कुठे गळातून सुटलेला. तो कशाला मरायला येतोय परत! पण काकांचं म्हणणं एकच, निरोप घेताना-देताना नुसतं 'जा' म्हणू नये. माशालासुद्धा.

माणसांना तर हा नियम फारच कडक. जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर, काका पाचव्या. लिफ्टमधून उतरताना चुकून "बरंय काका, जाते" म्हटलं की ते बटण दाबून दार धरून ठेवायचे.

"येते म्हणा."

"येते, काका."

मग दार सोडायचे. तोवर लिफ्ट बोंबलत असायची आणि खाली ताटकळलेला जपानी शेजारी मनातल्या मनात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असणार.

काका मूळचे पुण्याचे. धातूंवर संशोधन करायला म्हणून जपानला आले ते इथेच रुजले, आता निवृत्त आहेत. कट्टर शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे कळलं तर बशी दोन बोटांनी लांब सरकवतात. आणि हा वरणभातवाला माणूस मार्च ते सप्टेंबर दर रविवारी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून डोंगरातल्या नदीत उभा! शेजारच्या घोषबाई सुरुवातीला मोहरीचं तेल काढून त्यांची वाट बघायच्या. काका आपले हात हलवत परत.

"सोडून दिला? मग गेलात कशाला?" घोषबाई कपाळाला हात लावायच्या.

"भेटायला," काका म्हणायचे.

माशाला भुलवायला खोटी माशी लागते. ती काका स्वतः बनवतात. गळावर पीस, लोकर, दोरा गुंडाळायचा आणि माशाला फार लागू नये म्हणून गळाचं उलटं टोक पकडीनं दाबून सपाट करायचं. साहित्य कुठून आणतात? आपल्या अंगावरून! एकदा स्टेशनवर ते माझ्या नव्या कोटाच्या केसाळ कॉलरकडे इतके टक लावून बघत होते की मी चपापलेच.

"हा करडा रंग नदीवरच्या किड्याचा आहे हो. चिमूटभर देता?"

दिला. काय करणार! त्या कॉलरला आजही एका बाजूनं टक्कल आहे.

आणि पाणी! नदीची पातळी दाखवणारं एक पान काकांच्या मोबाइलवर सतत उघडं. "पाणी काय म्हणतंय?" हा त्यांचा स्वतःलाच विचारलेला प्रश्न. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळून नदी गार, दुधाळ होते, तेव्हा "पाणी झोपेत आहे". जूनच्या पावसात "पाणी भांडतंय". आमच्या घरी नवराबायकोची खडाजंगी झाली की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हळूच म्हणणार, "काल खाली पाणी गढूळ होतं वाटतं? उतरेल, उतरेल." आगाऊ माणूस!

यामामे नावाचा ट्राउट जातीचा मासा त्यांचा लाडका. अंगावर बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग असतात त्याच्या. यातल्या काही, विशेषतः माद्या, समुद्रात जातात, तिथे मोठ्या होतात आणि दुसरंच नाव घेऊन नदीत परत येतात. "सासरी गेल्यासारखंच की! नाव बदललं तरी माहेरची वाट चुकत नाही." हे वाक्य घोषबाईंपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी ऐकलंय.

गेल्या सप्टेंबरात गणपतीच्या आरतीला काकांच्या टाळ्या चुकायला लागल्या. बघते तर एका हातात मोबाइल. नुकतंच मोठं वादळ येऊन गेलं होतं आणि नद्या फुगल्या होत्या.

"काका, बाप्पासमोर तरी!" मी दटावलं.

"मुक्ता नदीवर येते म्हणालीय हो. पाणी उतरलं तर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "महिना संपला की मासेमारी बंद. मग मार्चपर्यंत निमित्त नाही."

मुक्ता म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. मात्सुमोतोला नोकरी करते. काकू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत ती घर सोडून गेली ती परत आली नाही, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणजे हा माणूस इतके दिवस पाण्याकडे बघत होता तो माशांसाठी नव्हेच. मला फार वाईट वाटलं आणि मी मनातल्या मनात बाप्पाला नदीचं साकडं घातलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भल्या सकाळी बेल वाजली. दारात काका, पाठीवर दोन विजारींचं ओझं. "पाणी हो म्हणतंय! पण एकट्याला नको वाटतंय. येता?"

आगगाडीत ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "घरात मराठीच, असा माझा नियम. पोरगी शाळेतून येऊन जपानीत बडबडायची, मी ऐकूच आलं नाही असं करायचो. ही गेल्यावर एकदा जुंपली आमची. मुक्ता बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि चक्क मराठीत बोलली. म्हणाली, 'जाते.'"

मी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्यापुढे धरला.

"जन्मभर मराठी शिकवली आणि पोरीनं नेमका तोच शब्द उचलला. मुद्दाम म्हणाली की तिला फरकच कळत नव्हता, देव जाणे."

लिफ्टचं ते धरून ठेवलेलं दार मला आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. किती हसले होते मी त्यावर!

मुक्ता डोंगरातल्या छोट्या स्टेशनवर आमची वाट बघत उभी होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मिझु वा?" तिनं विचारलं. म्हणजे, पाणी कसंय? घ्या! लेक बापाचीच.

काका मराठीत बोलत होते, ती जपानीत. पण आज काकांना ऐकू येत होतं. पाण्याच्या झगमगाटात त्यांना आताशा बारीक दिसत नाही, म्हणून माशी दोऱ्याला तिनंच बांधून दिली. माझ्या कॉलरची माशी! दुपारी तिच्याच गळाला एक यामामे लागला. तिनं तो ओंजळीतून हळूच पाण्यात सोडला. काका मान पुढे काढून ऐकत होते. 'या हं पुन्हा' काही ऐकू आलं नाही, तिनं ओले हात विजारीला पुसले फक्त. काका उगाचच दोरा गुंडाळायला लागले.

संध्याकाळी तिची मात्सुमोतोची गाडी आधी आली. आम्हाला उलट दिशेला जायचं होतं. ती गाडीत चढली, दारातच वळून उभी राहिली.

"इत्ते किमासु," ती म्हणाली.

इथली पोरं शाळेला निघताना रोज दारातून हेच ओरडतात. घरातून निघताना, घरच्यांना. काका वाकून विजारींचं ओझं सारखं करायला लागले. आता पुन्हा ऐकू न आल्याचं सोंग करतायत की काय! दार मिटण्याची धून वाजायला लागली.

"इत्तेराश्शाई!" काका एवढ्यानं ओरडले की स्टेशनमास्तर दचकला. जाऊन ये, असं घरच्यानं द्यायचं उत्तर. मुक्ताचे डोळे भरलेले मला काचेतून दिसले.

गाडी गेली तरी काका तिथेच. "इत्ते म्हणजे जाऊन. किमासु म्हणजे येते. जाऊन येते! आपलंच की हो हे." मग रिकाम्या रुळांकडे बघत म्हणाले, "त्या दिवशीही तिला हेच म्हणायचं असेल का? घाईत अर्धंच मराठीत आलं असेल?"

"असेल काय, तेच होतं, काका," मी ठासून सांगितलं. मला काय डोंबल माहीत! पण सांगितलं.

फुनाबोरीला पोचेस्तोवर पाय गळून गेले होते. तिसऱ्या मजल्यावर उतरताना मी बोलून गेले, "बरंय काका, जाते," आणि जीभ चावली. काकांचा हात सवयीनं बटणाकडे गेला, पण तसाच मागे आला. दार मिटायला लागलं.

"आणि येते," आतून काका स्वतःच म्हणाले.