आधी टेलरकाकांना काय होतं ते बघू

कोणतीही नवी गोष्ट आधी दुसऱ्याने करून बघावी, या तत्त्वावर मानवजातीची सगळी प्रगती उभी आहे. रानातली कुठली फळं विषारी, हे आपल्याला कळलं ते ज्यांनी ती खाल्ली त्यांच्यामुळे. त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत. ते आपण नव्हतो, हेही काही थोडं नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी लस आली, तेव्हा बासष्ट बिऱ्हाडांच्या एका सोसायटीने हे तत्त्व रीतसर ठराव करून अमलात आणलं. श्रेय अर्थातच सेक्रेटरींचं. सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. हयात गेली दुसऱ्याच्या तराजूवर संशय घेण्यात. घरी आलेली किलोभर साखरही तोलून बघितल्याशिवाय ते डब्यात ओतू देत नसत. असा माणूस नुसतं कोणी सांगितलं म्हणून दंडात सुई कशी टोचून घेईल?

तशी रोगप्रतिबंधाच्या बाबतीत सोसायटी आधीपासूनच आदर्श होती. मास्क प्रत्येकाकडे होता आणि हनुवटीला वारा लागू नये म्हणून तो नेमाने लावला जाई. लिफ्टमध्ये एका वेळी दोघांनीच जावं, असा फलक लिफ्टच्या आत लावला होता; एका वेळी सहा जण तो वाचत. फाटकावर ताप मोजायची बंदूक होती, ती सगळ्यांना सरसकट चौतीस अंश दाखवी. (या आकड्याने निम्मी सोसायटी गारठून आडवी व्हायला हवी होती. पण आकडा कमी आहे म्हटल्यावर तक्रार कोण करणार?)

लसीचं केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत उघडलं. चालत चार मिनिटं. पहिल्या आठवड्यात सोसायटीतून तिथे गेलेल्यांची एकूण संख्या एक. तळमजल्यावरचे टेलरकाका. त्यांनी कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. रोज पंधरावीस माणसांच्या गळ्यात टेप घालावी लागते, तर टोचून घेतलेलं बरं, एवढाच विचार करून गेले आणि आले.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, "अनायासे माणूस सापडलाच आहे. आधी टेलरकाकांना काय होतं ते बघू. घाई कसली?"

एकवीस दिवसांचं निरीक्षण करायचं आणि तोवर कोणी केंद्राकडे फिरकायचं नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. (टेलरकाकांना सभेला बोलावलं नव्हतं. ज्याच्याविषयी ठराव आहे त्याने मत देणं प्रशस्त दिसत नाही.) सात जणांची उपसमिती नेमली. टेलरकाकांच्या दुकानासमोरच्या बाकावर दोन दोन तासांच्या पाळ्या लागल्या. नोंदवही सेक्रेटरींनी स्वतः आखली, आणि ती आजही पाहण्यासारखी आहे.

दिवस तिसरा: जांभया, चार. दिवस पाचवा: शिंका, दोन. (समोर मखमल फाडत होते. तरीही नोंद घेतली.) दिवस आठवा: पत्नीशी भांडण, सौम्य. लसीपूर्वी हेच भांडण दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई, त्यामुळे लसीने माणसाचा पाणउतारा सहन करण्याचा गुण वाढतो काय, यावर उपसमितीत दीड तास चर्चा. दिवस अकरावा: कापड बेतताना स्वतःशीच हसले. कारण अज्ञात.

"काय हो, काही हरवलंय का तुमचं इथे?" टेलरकाकांनी एकदा विचारलंही.

"तुम्ही चालू द्या हो तुमचं. आम्ही आपले बसलोय," उपसमिती म्हणाली आणि प्रश्न विचारल्याची नोंद 'चिडचिड' या रकान्यात केली.

सगळं असं शास्त्रशुद्ध चाललेलं असताना अडथळा होता तो सेक्रेटरींच्या स्वतःच्या घरात. त्यांचे वडील, आबा, वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्यांना लस हवी होती आणि आजच हवी होती. चौकातल्या पत्त्यांच्या अड्ड्यात आबा धरून पाच म्हातारे बसत, त्यातले दोन साथीत गेले. उरलेल्या दोघांनी टोचून घेतलं होतं आणि आबांना निरोप धाडला होता, की टोचून ये, मग पानं वाटतो. आबांनी टेलरकाकांकडून चांगल्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर कापून आणल्या, दंड पटकन उघडा करता यावा म्हणून. रोज सकाळी नऊला केस विंचरून ते दाराजवळच्या खुर्चीत बसत.

"बाळ्या, निघायचं ना?"

"आबा, निरीक्षण चालू आहे."

"कोणाचं? माझं?"

"टेलरकाकांचं."

"त्याला काय धाड भरलीय? चांगला ठणठणीत आहे. काल अर्धा तास माझं डोकं खाल्लं त्याने."

सेक्रेटरींची बायको आतून ऐकत असे. एक दिवस तिने चपला घातल्या. "चार मिनिटांवर केंद्र आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी नेते आबांना."

"सेक्रेटरीच्याच घरातून ठराव मोडला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना नाहीत चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे."

पण आबाच म्हणाले, "राहू दे सूनबाई. तो नेतो म्हणालाय ना? दहा दिवसांचा तर प्रश्न." मुलाचा शब्द सुनेसमोर खाली पडू नये, असं त्यांना वाटलं.

खरं सांगायचं तर सेक्रेटरींना भीती वाटत होती. आपण हाताला धरून नेलं आणि आबांना काही झालं, तर ते आपल्यामुळे झालं असं होईल. नेलं नाही आणि काही झालं, तर साथीमुळे. वजनमापे खात्यातल्या माणसाला ही दोन पारडी सारखी नाहीत हे लगेच कळलं, आणि त्यांनी हलक्या पारड्यात बसायचं ठरवलं.

एकविसावा दिवस उजाडला. अहवाल वाचायला सभा बोलावली. गर्दी टाळण्यासाठी सोसायटीचं सभागृह बंद होतं, म्हणून सभा सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात घेतली. उपस्थिती एकतीस. रस्त्यावरच्या आवाजात अहवाल ऐकू येईना, म्हणून खिडक्या लावल्या. मास्कमधून शब्द कळेनात, म्हणून मास्क उतरवले. एका सभासदाला सभाभर खोकला येत होता, पण ही ॲलर्जी आहे असा खुलासा त्याने आधीच केल्यामुळे तो इतिवृत्तात घेतला नाही. आबा मधल्या खुर्चीत बसले होते. वर्षाने घरात माणसं आली म्हणून प्रत्येकाला चहा घ्या, बिस्किट घ्या करत होते.

अहवालाचा निष्कर्ष असा, की टेलरकाकांना काहीही झालेलं नाही.

"काहीच नाही?" वकीलसाहेबांनी भुवया चढवल्या. "एकवीस दिवसांत माणसाला साधं काहीसुद्धा होत नाही? मला तर हेच संशयास्पद वाटतं."

मुद्दा बिनतोड होता. निरीक्षण आणखी एकवीस दिवसांनी वाढवलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी आबांना ताप आला. फाटकावरची बंदूक आणून लावली, तिने चौतीस दाखवला. आठव्या दिवशी श्वास लागायला लागला. रुग्णवाहिकेत चढवताना आबांनी मुलाचा हात धरला आणि विचारलं, "बाळ्या, त्या टेलरचं बघून झालं का रे?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

चौदाव्या दिवशी आबा गेले. सेक्रेटरी त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

लोक भेटायला आले. वकीलसाहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "आता एक खरं सांगा. आम्हाला थांबायला लावून तुम्ही आबांना गुपचूप टोचून आणलं होतंत ना? बाह्या कापलेला शर्ट सगळ्यांनी बघितलाय."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य 'मी त्यांना नेलंच नाही' हे आलं असतं. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान खाली घातली.

"वाटलंच मला," वकीलसाहेब हळहळले.

बायकोने चपला घातल्या आणि ती एकटीच कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन टोचून आली. आबा गेल्याने हादरून, ठराव बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी जायचं ठरवून बसलेल्या एकोणीस जणांनी मात्र बेत रद्द केला. संध्याकाळपर्यंत मजकूर तयार होता: 'आमच्या अगदी ओळखीतल्या सेक्रेटरींचे वडील. ठणठणीत होते. लस घेतली आणि पंधरा दिवसांत गेले. जपा.' तो या इमारतीतून त्या इमारतीत गेला, या गावातून त्या गावात गेला, आणि एक दिवस दुपारी तुमच्याही फोनवर आला. आठवतंय? 'खरंखोटं देव जाणे, पण माहीत असलेलं बरं' असं वर लिहून तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात. त्या ग्रुपमध्ये तुमचे वडीलही होते.