पुस्तकभर उपाशी पोरगी

आमच्या शेजारचे बाबारावजी सिनेमा पाहतात ते एकाच गोष्टीसाठी. त्यातली माणसं जेवतात की नाही! नट कोण, गाणी कशी, याच्याशी त्यांना काही घेणं ना देणं. मागे आमच्याकडे टीव्हीवर मारामारीचा एक सिनेमा लागला होता. अर्धा झाल्यावर म्हणाले, "सकाळपासून धावून राहिला बिचारा, कोणी पाणी तरी विचारलं का त्याले?" पुढे नायकानं गाणं सुरू केलं, तसे उठून घरी गेले. क्रिकेटमध्ये त्यांना फक्त कसोटी सामना आवडतो, कारण तिथे जेवणाची सुट्टी असते.

गल्लीत ते कोणाला नमस्कार करत नाहीत. पोस्टमन असो, सिलिंडरवाला असो, "जेवला का गा?" 'हो' म्हणून सुटता येत नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न येतो, "काय जेवला?" घाईत होते म्हणून एकदा मीही भाजी-पोळी सांगून मोकळी झाले. ते गेटपाशीच थांबले. "काय वं ताई, आज तर तुझी चतुर्थी आहे ना?" आता बोला!

बाबारावजी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी कल्याणी. कल्याणी वार्ताहर आहे. युद्ध चाललेल्या एका देशात जाऊन तिनं कित्येक महिने बातम्या पाठवल्या, आणि परत आल्यावर त्या दिवसांची चित्रकादंबरी केली. चित्रं तिचीच, आणि चित्रांतली तरुण वार्ताहरही तीच. तेच आखूड केस, खांद्यावर तोच झोळा.

पुस्तक छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावजी भिंग घेऊन माझ्या दारात हजर.

"पाय हे. बॉम्ब पडून राहिले, पोरगी जिन्याखाली बसली. हातात काय आहे?"

"पेन आहे, बाबारावजी."

"पेन खाते काय?" त्यांनी पान उलटलं. "हे ब्रेडचं दुकान. शटर बंद. आणि हे पाय, झोळा फुगलेला दिसते. यात डबा असन काय?"

मी भिंगातून पाहिलं. कॅमेरा होता. तसं सांगितल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. "पूर्ण पुस्तकात पोरगी एकदाबी जेवली नाही वं."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं. कारण कल्याणीला पुन्हा तिथे जायचं होतं. बापाला दुखवून जायचं नाही, असं तिनं ठरवलेलं. आणि बापानं साफ सांगून टाकलं, "जिथं तुले घासभर भेटत नाही, तिथं जायचं नाही." दोघंही हट्टी. एका घरात राहून बोलेनासे झाले.

लोक बाबारावजींना वेडं म्हणतात. म्हणोत बापडे. कल्याणीची आई गेली तेव्हा पोर प्राथमिक शाळेत होती. तिनं अन्नच टाकलं. कधी चहा न केलेला हा माणूस तेव्हा स्वयंपाक शिकला. कोराडीच्या बसमधून उतरला की चूल पेटवायचा, अंगणात ताट ठेवायचा आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत तिच्यासमोरून हलायचा नाही. मी माझ्या खिडकीतून हे रोज पाहिलंय, म्हणून सांगते.

वाचनालयाच्या सभागृहात पुस्तकाचा कार्यक्रम झाला. बाबारावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लोकांनी युद्धाबद्दल मोठमोठे प्रश्न विचारले, एका सद्गृहस्थांनी तर प्रश्नाच्या नावाखाली भाषणच ठोकलं. मग बाबारावजी उभे राहिले. मी शर्ट ओढला, पण माइक त्यांच्या हातात गेला होता.

"मले एवढंच विचारायचं आहे. पूर्ण पुस्तकात ही पोरगी जेवली काहून नाही?"

सभागृह हसलं. कल्याणी हसली नाही.

"जेवत होती ना, बाबा," ती म्हणाली. "तळघरात आमच्यासोबत एक म्हातारे होते. आपल्या वाटीतलं अर्धं सूप रोज मला द्यायचे, आणि मी संपवेपर्यंत समोरून उठायचे नाहीत. त्यांची भाषा मला येत नव्हती. पण ते काय विचारतात, ते पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग काढलं काहून नाही?"

"किती वेळा काढलं, बाबा. त्यांचा चेहरा काढायला बसली की तुमचाच निघायचा. शेवटी ते पान तसंच राहून गेलं."

बाबारावजी माइक धरून उभेच. मग हळूच विचारलं, "जिता आहे का तो बुढा?"

"आहे. मागच्या आठवड्यात नातीनं फोन लावून दिला होता, तीच इंग्रजीत सांगत होती. जेवले म्हणाले."

"काय जेवला?"

सगळे पुन्हा हसले. मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून रवा भाजल्याचा वास आला म्हणून डोकावले. बाबारावजी लाडू वळत होते. समोर दोन डबे.

"जाऊ देता मग तिला?"

"जाऊ दे. तिथंबी तिच्या ताटासमोर बसणारं कोणी आहे." त्यांनी एक डबा पुढे सरकवला. "हा त्या बुढ्याचा. दात असन का नसन त्याले, म्हणून लाडू नरम वळले. जवसाची चटणीबी देऊन राहिलो, तिखट कमी टाकून."

मी दारात उभी, आणि मला "जेवली का वं?" विचारायला बाबारावजी त्या दिवशी चक्क विसरले. मग मीच विचारलं, "तुम्ही जेवले का, बाबारावजी?"

त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नसावं. मी तरी कुठे विचारलं होतं?

"नाही वं," ते म्हणाले. "ध्यानातच नाही राहिलं."

मी घरी जाऊन ताट वाढून आणलं, त्यांच्यासमोर ठेवलं, आणि ते संपेपर्यंत तिथून हलले नाही.