विल्फ हेडलीचे आठ कांदे आणि एक धुराडं

बॉयलरवरचा लाल दिवा सकाळपासून नवव्यांदा लागला आणि विल्फ हेडलीने नवव्यांदा त्याखालचं बटण दाबलं. बॉयलर दोनदा खोकला आणि सुरू झाला.

"झालं! बघितलंस? ठणठणीत आहे," विल्फ बायकोला म्हणाला.

मेव्हिस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ओव्हरकोट घालून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसली होती. "ठणठणीत आहे तर दर अर्ध्या तासाला मान का टाकतो? माणूस बोलाव की."

"बोलावतो गं. पण आज रविवार, कोण येणार?"

"आज मंगळवार आहे, विल्फ."

विल्फने उगाचच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, आणि बाहेर अंगणात पाण्याची बादली तळापर्यंत गोठली होती.

बॉयलरच्या पुस्तकात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. हा दिवा लागला तर धुराडं प्रमाणाबाहेर तापलंय असं समजा, बटण पुन्हापुन्हा दाबू नका, बॉयलर बंद करा आणि परवानाधारक माणसाला बोलवा. विल्फने ते तीनदा वाचलं होतं, आणि पुस्तक ब्रेडच्या डब्याखाली सारलं होतं. आता एवढा अडुसष्ट वर्षांचा माणूस, खाणीत तीस वर्षं काढलेला, वायूचं भय काय असतं ते ज्याला शिकवावं लागू नये, तो असं का वागेल? सांगतो.

कारण कांदे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या नॉर्थम्बरलँडमधल्या गावात माणसाची इज्जत सप्टेंबरच्या प्रदर्शनात त्याचा कांदा किती वजनाचा भरतो त्यावर ठरते. विल्फच्या वडिलांनी स्वतःचं बियाणं चाळीस वर्षं जपलं होतं. गेल्या साली उंदरांनी बरणी फोडली, आणि त्यातून वाचलेल्या बियांची उगवली फक्त आठ रोपं. ती गेली की वडिलांचा कांदा संपला. त्यात जानेवारीच्या वादळाने काचघर उडवून नेलं. थंडीत रोपं ठेवायची कुठे? तेव्हा विल्फला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेलं बॉयलरचं धुराडं दिसलं. मस्त गरम वाफ फुकट वाया चाललेली! त्याने धुराड्याभोवती प्लास्टिकचा तंबू उभारला, एक कड खिडकीच्या चौकटीला ठोकली आणि आठही कुंड्या आत मांडल्या. पण बॉयलर ताजी हवा ओढतो तीही त्याच धुराड्याच्या तोंडातून. म्हणजे बिचारा आता स्वतःचाच धूर पुन्हा पीत होता, आणि उरलेला खिडकीच्या फटीतून घरात झिरपत होता. तापणार नाही तर काय करेल?

आणि माणूस न बोलावण्याचं दुसरं कारण म्हणजे तो माणूस. बोलावल्या दिवशी येईल असा परवानाधारक पंचक्रोशीत एकच होता, रॉय मिलबर्न. विल्फचा लहानपणापासूनचा दोस्त. अकरा वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी विल्फच्या कुलूपबंद शेडमधून त्याचा सात किलोचा कांदा नाहीसा झाला होता. शेडची दुसरी किल्ली रॉयकडे असायची, आणि त्या वर्षी पहिला नंबरही रॉयचाच आला. विल्फने त्याला भर मांडवात सगळ्यांसमोर चोर म्हटलं. रॉयने किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले की एकजण पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

"माझं डोकं ठणकतंय," मेव्हिस म्हणाली. "गंमत म्हणजे चॅपलमध्ये गेले की थांबतं, आणि घरी आले की परत सुरू."

"म्हणजे पाद्रीबाबांचं प्रवचन तुला लागू पडतंय."

"आणि तो विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा होता ना भिंतीवर, तो का गप्प आहे?"

विल्फने घसा खाकरला. भोंग्याच्या बॅटऱ्या तंबूतल्या थर्मामीटरमध्ये होत्या. "तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे," तो म्हणाला. हे वाक्य पुढे कितीतरी दिवस त्याला जेवताना घास गिळू देणार नव्हतं.

दहाव्यांदा दिवा लागला. विल्फने बोट पुढे केलं, तेवढ्यात मागे खळ्ळकन आवाज झाला. मेव्हिसच्या हातातून किटली सुटली होती आणि ती ओट्याला धरून, पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखी, हळूहळू खाली बसत होती.

"विल्फ, भिंत का हलतेय रे?"

त्या क्षणी विल्फच्या डोक्यातून आठही रोपं साफ पुसली गेली. त्याने बॉयलर बंद केला, मागचं दार सताड उघडलं, मेव्हिसला काखेत धरून बाहेर बागेतल्या बाकावर बसवलं आणि घरातली दिसेल ती गोधडी तिच्यावर टाकली. मग फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही. अकरा वर्षांत तो एकदाही विसरला नव्हता.

रॉय सात मिनिटांत आला. येतानाच त्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. "नमस्कार, हेडलीसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही दोघं इथेच बाहेर बसायचं. आत पाऊल टाकायचं नाही."

ते 'साहेब' ऐकून विल्फला थोबाडीत बसल्यासारखं झालं. रॉयने वायू मोजायचं मीटर हातात धरून घरात फेरी मारली, खिडक्या उघडल्या, गॅसचा कॉक बंद केला आणि बॉयलरला 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी बांधली. मग धुराडं बघायला तो मागच्या भिंतीकडे वळला.

तिथे त्याने वाकून तंबूतल्या आठही कुंड्या बघितल्या. मग त्याने प्लास्टिक एका झटक्यात ओढून काढलं.

"अरे गाढवा!" साहेबगिरी संपली होती. "बायकोला मारायला निघाला होतास काय? कांद्यासाठी?"

"बाबांचे आहेत," विल्फ म्हणाला. "शेवटचे आठ."

"तुझ्या बाबांनीच कानफटात दिली असती तुला!"

"मारली असती, आणि बरोबरच केलं असतं." विल्फ बाकाशी गुडघ्यांवर बसला. "मेव्हिस, भोंग्याच्या बॅटऱ्याही मीच काढल्या. तू डोकं दुखतंय म्हणत होतीस आणि मी विनोद करत होतो. रॉय आला तर हे बघेल, गावभर हसं होईल, एवढंच माझ्या मनात होतं. तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो गं?"

मेव्हिस रडायला लागली. थंड हवेने तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. "नको रे असं बोलूस. मी काही तुझ्यापेक्षा चांगली नाही. तो कांदा रॉयने नाही नेला."

"कुठला कांदा?"

"सात किलोचा. तू शेडमध्ये टेबलाच्या आतल्या बाजूला बसला होतास. चॅपलच्या सूपसाठी डावीकडचा तडकलेला घे म्हणालास. मी दारात, तुझ्यासमोर तोंड करून उभी होते, आणि तू लेबलं लिहिण्यात गुंतला होतास. मी माझ्या डावीकडचा, म्हणजे तुझ्या उजवीकडचा, घेतला, पिशवीत घातला. संध्याकाळी शेडमध्ये बघते तर तडकलेला तिथेच! घाबरले, तुला दिसू नये म्हणून तो वाफ्यात पुरला. सकाळी सांगणार होते, पण तू एवढा ओरडत मांडवात गेलास... आणि मग एक वर्ष झालं, दोन झाली. उशीर होत गेला की सांगणं अजूनच अवघड होतं रे."

विल्फ आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की रॉयला या गोष्टीचं काहीच नवल वाटलेलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"माहीत काय," रॉय आठ कुंड्या एकेक करून आपल्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर ठेवत म्हणाला. तीन रोपं पिवळी पडली होती. त्याने व्हॅनचा हीटर लावला. "चॅपलमध्ये मेव्हिसची सुरी चालेना, म्हणून तो चिरला मीच. म्हटलं, काय दिलदार झालाय आपला विल्फ! दुसऱ्या दिवशी मांडवात कळलं. बोललो असतो तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि तू अगदीच चूक नव्हतास. सुरी तर माझ्याच हातात होती."

अकरा नाताळ, अकरा प्रदर्शनं, रॉयच्या बायकोचं आजारपण, तिची अंत्ययात्रा, त्यात सगळ्यात मागे उभा राहिलेला तो स्वतः, हे सगळं विल्फने एकेक करून मनात मोजलं.

ॲम्ब्युलन्स आली. मेव्हिसच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढला. घाबरण्यासारखं नाही, पण तपासायला हवं, विल्फलाही, असं त्या लोकांनी सांगितलं. पायरीवर पाय ठेवून विल्फ मागे वळला.

"रॉय, मला माफ कर. मी आयुष्यभर..."

"जा आधी. रोपं मी बघतो."

विल्फला आणखी खूप सांगायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "निदान सूप तरी चांगलं झालं होतं का रे?"

"मीठ कमी होतं."

आतून मेव्हिसने मुखवटा वर केला. "मीठ बरोबर होतं! तूच तर दोन वाट्या खाल्ल्या होत्यास, विल्फ!"