गिरणीशेजारची प्रार्थना

शांतवन मास्तरांची एकही प्रार्थना पुरी झालेली मी कधी ऐकली नव्हती. सुरुवात मात्र इतक्यांदा ऐकली, की मी माळ घातलेला माणूस असून मला ती तोंडपाठ झाली.

ख्रिस्ती लोकांची ती प्रभूची प्रार्थना तशी काही लांबलचक नाही. चहा उकळून गाळेपर्यंत संपते. मास्तरांना सकाळ पुरत नसे. कारण त्यांचा नेमच तसा होता. म्हणताना मन जरा जरी दुसरीकडं गेलं, की ती प्रार्थना बाद. मग मांडीवर थाप मारायची, "फाटा फुटला, पहिल्यापासून" असं मोठ्यानं म्हणायचं आणि पुन्हा स्वर्गातल्या बापाला हाक मारायची.

मला हे सगळं ऐकू यायचं, कारण त्यांची खोली आणि माझी पिठाची गिरण यांच्यात एकच भिंत. सांगलीत, चर्चच्या मागच्या बोळात. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, त्या सालांतली गोष्ट. मास्तर मूळचे मेढ्याकडचे. साताऱ्याला मिशनच्या शाळेत जन्म घालवला, आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक, एक खुर्ची आणि एक घड्याळ घेऊन इथं आले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. साताऱ्यात सगळी ओळखदेख, ती सोडून हा माणूस या बोळात का आला, हे मला कळत नसे. विचारलं की म्हणायचे, "इथं मला कोणी काही विचारत नाही, बापूराव." आता मी समोर उभा राहून विचारतोय, तो कोण मग?

रविवारी चर्च सुटायचं. लोक बाहेर येऊन एकमेकांना सलाम करून, पोरांना गोळा करून घरी जायचे, तरी मास्तर आत बाकावर डोळे मिटून बसलेले. झाडणारा किल्ली घेऊन दारात ताटकळायचा. एकदा पाळकसाहेब न राहवून म्हणाले, "मास्तर, देव म्हणजे काही शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर नव्हे."

"तीच तर अडचण आहे, साहेब," मास्तर म्हणाले, "इन्स्पेक्टर असता तर फसवला असता."

मन एका जागी बसावं म्हणून त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू. कानात कापूस घातला, तर कापूस आत किती गेला याचीच काळजी लागली. भिंतीकडं तोंड करून बसले, तर ओलीच्या डागात त्यांना अजिंक्यतारा दिसायला लागला. घड्याळ टिकटिकतं म्हणून ते माझ्याकडं आणून ठेवलं, आणि मग किती वाजले बघायला दर तासाला गिरणीत यायला लागले. एकदा तर माझ्याकडून ओंजळभर ज्वारी नेली आणि तिच्यावर गुडघे टेकून बसले. टोचलं की मन जाग्यावर राहतं म्हणे. थोड्या वेळानं ज्वारी परत घेऊन आले.

"झाली का?"

"नाही. ज्वारी जुनी आहे, बापूराव. किडलेली आहे. अर्धा वेळ मी तोच विचार करत होतो."

फुकटची ज्वारी, आणि वर तिची परीक्षा.

पण त्यांचा खरा राग माझ्या गिरणीवर. रोज सकाळी कोट घालून तक्रार करायला यायचे. आम्ही लोक शेजाऱ्याशी भांडायला बनियनवर जातो, यांना कोट लागायचा. "आज तुम्ही मला भाकरीच्या ओळीत पाडलंत," असं म्हणायचे आणि पोत्यावर बसायचे. त्यांच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची एक ओळ आहे. नेमके तिथंच पडायचे, रोज. मी म्हणायचो, "मग गिरण विकून हिमालयात जाऊ का?" ते म्हणायचे, "तसं नव्हे." मग माझी बायको चहा द्यायची. बशीत ओतून फुंकत फुंकत विचारायचे, "मघाशी खोकत होती ती हौसाबाई होती ना? खोकला गेला नाही अजून?" कुणाचं दळण आधी यावरनं कोण भांडलं, कुणाच्या सुनेनं डबा आपटला, सगळं भिंतीपलीकडून त्यांना पाठ. तक्रार सुरू व्हायची सकाळी, आणि उठायचे ते जेवणवेळेला.

बायको म्हणायची, "मास्तर भांडायला येत न्हाईत, बसायला येत्यात." मी म्हणायचो, तू गप. इथं माझ्या धंद्याला नावं ठेवतोय तो, आणि तू त्याला साखर जास्त घाल.

एका वर्षी त्यांच्या उपवासाच्या दिवसांत मास्तर आले आणि पोत्यावर बसलेच नाहीत. दारातच उभे राहिले.

"बापूराव, उद्या सकाळी गिरण बंद ठेवाल? दुपारपर्यंत."

"का?"

"उद्या आमच्या रूथचा दिवस आहे, ती गेली तो. तिच्यासाठी एक प्रार्थना पुरी करायची आहे. एकच. फाटा न फुटता."

या माणसानं तक्रारी ढीगभर केल्या होत्या, पण मागितलं कधी काही नव्हतं. आणि मी एकदा हो म्हटलं की मग अर्धवट काम करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. रॉकेलच्या गाडीवाल्याला माघारी पाठवलं, बोहारणीला पाठवलं. सायकलवाल्यांना खाली उतरून चालायला लावलं. बायांनी नळावरची धुणी दुपारवर ढकलली. हौसाबाई दळणाचा डबा घेऊन आली, तिला म्हटलं, आज गिरण बंद, आणि खोकायचं असेल तर रस्त्यावर जाऊन खोक.

"आवं, खोकला काय इचारून येतो व्हय?" ती म्हणाली. पण तोंडावर पदर धरून पायरीवर बसली.

आमचा बोळ इतका गप्प मी कधी बघितला नव्हता. मला माझ्याच कानात सूं सूं ऐकू यायला लागलं. मी खूश होतो. म्हटलं, आज मास्तरांची गाडी लागते मुक्कामाला.

थोड्याच वेळात दार उघडलं. मास्तर बाहेर आले. चर्चचा काळा कोट अंगात, आणि चेहरा पार उतरलेला.

"झाली?"

"गिरण सुरू करा, बापूराव."

"अहो, पण झाली का?"

"सुरुवातच होत नाही," म्हणाले आणि माझ्याबरोबर गिरणीत येऊन पोत्यावर बसले. "इतकं शांत झालं की तिचाच आवाज येतो."

मग त्यांनी सांगितलं. साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांची बायको, रूथबाई, शेवटच्या घटकेला होत्या. म्हणाल्या, प्रार्थना करा. मास्तरांनी सुरू केली. मधेच मनात आलं, शाळेत रजेचा अर्ज दिला नाही. पहिल्यापासून. मग वाटलं, सलाईन संपत आलं, नर्सला हाक मारावी. पहिल्यापासून. बाई ऐकत होत्या.

"ती म्हणाली, अहो, चुकू द्या. आमेन म्हणा, म्हणजे मी पण म्हणते. मी म्हटलं, थांब, आज तरी नीट म्हणू दे. आणि भाकरीच्या ओळीशी आलो, तेव्हा नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला." मास्तर हाताच्या तळव्याकडं बघत होते. "ती आमेनसाठी थांबली होती, बापूराव. आणि मी आपला पहिल्यापासून."

इतकी वर्षं हा माणूस भाकरीच्या ओळीत पडत होता, त्यात माझ्या गिरणीचा काही संबंध नव्हता. मी उठून बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. हौसाबाई डबा घेऊन आत आली, तिचं दळण ओतलं, आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला तिनं मोकळा केला.

मास्तरांनी तिथंच पोत्यावर डोळे मिटले. ओठ हलायला लागले. गिरणीच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण कुठं आले असतील ते मला पाठ होतं. हौसाबाईला पुन्हा उबळ आली. मास्तर थांबले. थाप मारायला हात वर गेला.

"माझा खोकलाच आडवा आला न्हवं?" हौसाबाई त्यांच्या कानाशी ओरडली. आत काय झालं होतं ते तिला काही माहीत नव्हतं, पण पहिल्यापासून म्हणायचा मास्तरांचा नाद अख्ख्या बोळाला माहीत होता. "मग त्यो बी घाला की देवाच्या कानावर. आन् म्होरं चला."

मास्तरांचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, हौसाबाईंच्या खोकल्याला उतार दे." आणि पुढं गेले. भाकरीच्या ओळीशी पुन्हा अडले. गालावरून पाणी आलं. "रूथ," इतकंच म्हणाले, आणि त्याही पुढं गेले. मी दळण बघायचं सोडून त्यांच्या ओठांकडं बघत होतो.

आमेन मला ऐकू आलं नाही, दिसलं. हौसाबाईनं आरती संपल्यावर करतात तसे हात जोडून कपाळाला लावले.

मास्तरांनी डोळे उघडले. मग माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं विचारलं, "आता उद्या सकाळी काय करू, बापूराव?"

हौसाबाईनं भरलेला डबा उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "जरा धरा, मास्तर," ती म्हणाली, "पीठ लय ऊन हाय, माज्यानं धरवत न्हाई."

मास्तरांनी तो गरम डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि हौसाबाईनं घ्यायला हात पुढं केले तरी लवकर सोडला नाही.